सृष्टीची रीत

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की गावाबाहेरच्या माळरानाचे रूप पालटते. त्या दिवसांत आम्ही मुले गुरांच्या मागे माळावर जात असू. तेथे एका बाभळीच्या बुंध्याशी एक जुने वारूळ होते. त्याची उंची त्या वेळच्या माझ्या उंचीएवढी असावी. दुरून ते मातीच्या ओबडधोबड ढिगासारखे दिसे. परंतु जवळ गेल्यावर त्याच्या अंगावर वरून खालपर्यंत गेलेले उभे कंगोरे स्पष्ट दिसत. पावसाच्या पाण्याने माती वाहून जाऊन ते पडले असावेत, अशी आमची समजूत होती. एके दिवशी माझ्या हातून, खोडसाळपणानेच म्हणा, काठीने त्या वारुळाचा एक कोपरा फुटला. आत पोकळ वाटा दिसल्या आणि पांढुरक्या किड्यांची एकच धावपळ उडाली. घरी हे कळताच, नागोबाचे घर मोडले म्हणून आजीने मला चांगलेच फैलावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी भीत भीत जाऊन पाहतो तो काय, फुटलेला कोपरा ओल्या मातीने बुजवलेला!

मुलांनो, वारूळ बांधणाऱ्या कामकरी वाळवीला दृष्टी जवळजवळ नसतेच. तिच्यापाशी ओळंबा नाही, गुण्या नाही, नकाशा नाही; तिच्या कामावर देखरेख करणारा मुकादमही नाही. असे असूनही हे बोटाच्या पेराहून लहान जीव लाखोंच्या संख्येने एकत्र राबतात आणि आपल्या देहाच्या शेकडो पट उंच वास्तू उभी करतात. ती वास्तू उन्हाळे-पावसाळे सोसून वर्षानुवर्षे टिकते. हे पाहून घरे बांधणाऱ्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे, की या कारागिरांकडून आपणही काही शिकावे. सृष्टीतील प्राणी, वनस्पती आणि पदार्थ यांच्या रचनेतून धडा घेऊन आपल्या वस्तू व वास्तू घडवण्याच्या या विद्येला आज ‘जैवानुकरण’ असे नाव मिळाले आहे.

नाव नवे असले, तरी अनुकरण ही गोष्ट जुनी आहे आणि तिचे दोन प्रकार आहेत. वस्तुतः माझा विषय मराठी. परंतु एखादे शिक्षक रजेवर असले, की गणिताचा तास मलाच घ्यावा लागे. त्या तासाला मला दोन प्रकारचे विद्यार्थी आढळत. एक जण शेजाऱ्याच्या वहीतील उत्तर उतरवून घेई. दुसरा शेजाऱ्याला गणिताची रीत विचारी. त्या दिवशी दोघांचेही उत्तर बरोबर येई. दुसऱ्या दिवशी मी त्याच गणितातील आकडे बदलून फळ्यावर लिहिले, की पहिला जागीच अडे आणि दुसरा पुढे जाई. सृष्टीचे अनुकरण करणाऱ्या स्थपतींतही हे दोन वर्ग आहेत. काही जण सृष्टीचे रूप घेतात, काही जण तिची रीत घेतात.

दिल्लीचे बहाई उपासनामंदिर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. निदान त्याचे चित्र तरी पाहिले असेल. १९८६ साली पुऱ्या झालेल्या या मंदिराला संगमरवराने मढवलेल्या २७ पाकळ्या आहेत आणि ते पाहून कमळाची आठवण होणार नाही असा माणूस विरळा. पण कमळाची कोवळी पाकळी ज्या रीतीने उभी राहते, त्या रीतीने ही काँक्रीटची अवजड पाकळी उभी नाही. तिच्यासाठी अभियंत्यांना अगदी निराळे गणित मांडावे लागले. यात उणे काहीच नाही. कमळ तेथे पावित्र्याचे चिन्ह म्हणून आले आहे आणि चिन्हाचे काम रूपानेच व्हावयाचे असते. हे रूपाचे अनुकरण झाले.

आता दुसऱ्या एका कमळाची गोष्ट ऐका. दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात एक प्रचंड कमलिनी उगवते. तिचे पान परातीसारखे गोल, काठ वर वळलेला, आणि रुंदी एवढी की त्यावर लहान मूल निजावे. हिचे बी इंग्लंडात नेण्यात आले. चॅट्सवर्थ येथील उद्यानाचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने तिची मोठ्या निगुतीने जोपासना केली आणि १८४९ साली तिला फूल आले. पॅक्स्टनने आपल्या चिमुकल्या मुलीला, अॅनीला, त्या पानावर उभे केले. पान बुडाले नाही, की फाटले नाही! एवढ्या पातळ पानात हे बळ कोठून आले? पॅक्स्टनने पान उलटे करून पाहिले. मधल्या देठापासून चहूकडे जाड शिरा पसरल्या होत्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरांचे जाळे होते. भार शिरांनी तोलायचा आणि मधल्या पातळ पडद्याने फक्त जागा झाकायची, ही त्या पानाची रीत होती. लवकरच, १८५१ साली, लंडन येथे सर्व राष्ट्रांचे मोठे प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी पॅक्स्टनने लोखंडी फासळ्या आणि मधोमध काचेची तावदाने अशी विशाल वास्तू योजली आणि ती समजावून सांगताना त्याने या पानाचाच दाखला दिला. हाच तो ‘स्फटिक प्रासाद’. पुढे तो दुसऱ्या जागी हलवण्यात आला आणि १९३६ साली आगीत नष्ट झाला. त्याची चित्रे पाहाल, तर त्यात पानासारखे काहीच दिसणार नाही. इमारत सरळ, चौकोनी, लांबच लांब. माळ्याने पानाचे उत्तर उतरवून घेतले नव्हते. रीत विचारली होती.

येथे कोणी म्हणेल, की पान आणि पाकळी ठीक. पण सृष्टी म्हणजे केवळ सजीव नव्हेत. बरोबर आहे. निर्जीव पदार्थालाही पृथ्वीच्या ओढीचे नियम पाळावे लागतात आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ असते. त्यासाठी एक प्रयोग करा. घरातील एखादी बारीक साखळी घ्या. लहान भावाचा चांदीचा करगोटा मिळाला तर उत्तमच. तिची दोन टोके दोन हातांत धरून ती मध्ये मोकळी लोंबू द्या. तिला एक सुरेख बाक येईल. हात जवळ आणा, बाक खोल होईल. दूर न्या, उथळ होईल. हा आकार तुम्ही काढला नाही. साखळीने आपल्या वजनाने तो आपोआप घेतला. या साखळीची प्रत्येक कडी शेजारच्या कडीला ओढते आहे. ढकलणे तिला शक्यच नाही, कारण साखळीने कोणाला ढकलता येत नाही. आता मनातल्या मनात ती साखळी आहे त्या आकारात गोठवा आणि उलटी करून जमिनीवर उभी करा. बाकाची कमान झाली. जेथे ओढ होती तेथे आता रेटा आला. प्रत्येक कडी शेजारच्या कडीला केवळ रेटते आहे, ओढीचे नावही नाही.

गवंड्याच्या दृष्टीने या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. दगड आणि वीट यांचा स्वभाव असा, की दाब कितीही येवो, ती तो सोसतात. परंतु ताण आला की लगेच तडकतात. म्हणून ज्या कमानीत केवळ दाबच असेल, ती दगडविटांची कमान चिरकाल उभी राहील. अशी कमान कोणत्या आकाराची असावी, हे टांगलेली साखळी विनामूल्य सांगते. ही गोष्ट प्रथम इंग्लंडातील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याच्या ध्यानात आली. मौज अशी, की हा शोध दुसऱ्याने पळवू नये म्हणून त्याने १६७५च्या सुमारास आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी तो लॅटिन वाक्यातील अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला. कोड्याचा उलगडा त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली प्रसिद्ध झाला. विद्वानांच्या अंगीही अशी पोरकट कंजूषी असते!

पुढे रोम शहरातील सेंट पीटर या प्रख्यात मंदिराच्या घुमटाला तडे गेले आणि तो कोसळेल की काय, अशी भीती उत्पन्न झाली. पोलेनी नावाच्या इटालियन पंडिताला सल्ला विचारण्यात आला. त्याने संत्र्याच्या फोडीप्रमाणे घुमटाच्या फाका कल्पिल्या, एका जोडीचे ३२ भाग पाडले, त्या त्या भागाच्या वजनाच्या प्रमाणात लहान वजने एका दोरीला अडकवली आणि ती दोरी टांगली. तिचा आकार उलटा करून घुमटाच्या आकृतीवर ठेवला, तेव्हा तो घुमटाच्या जाडीच्या आतच राहिला. त्यावरून घुमट पडणार नाही, असे त्याने १७४८ साली सांगितले. तरीही सावधगिरी म्हणून घुमटाला लोखंडी कडी बसवण्यात आलीच. एवढ्या अजस्र घुमटाची चिंता एका दोरीने हलकी केली, हे मला तरी फार गोड वाटते.

परंतु या साखळीचा खरा भक्त म्हणजे स्पेन देशातील बार्सिलोना शहराचा स्थपती आंतोनी गौदी. १८५२ साली जन्मलेल्या गौदीकडे शहराजवळील गिरणी-कामगारांच्या वसाहतीसाठी एक प्रार्थनामंदिर बांधण्याचे काम आले. त्याने कागदावर आराखडा काढण्याऐवजी एका पडवीत छताला दोऱ्या टांगल्या. एका दोरीला दुसरी, दुसरीला तिसरी, असे ते जाळे वाढत गेले. जेथे छताचा किंवा भिंतीचा भार यायचा, तेथे त्याने शिशाच्या छऱ्यांनी भरलेल्या लहान लहान पिशव्या अडकवल्या. आकार खऱ्या इमारतीच्या दशांश, आणि वजन दहा-हजारांश! हे उलटे मंदिर तयार करण्यात गौदीची सुमारे १० वर्षे गेली. तयार झाल्यावर त्याचे छायाचित्र काढले आणि ते छायाचित्र उलटे धरले. खाली लोंबणाऱ्या दोऱ्या वर गेल्या, कमानी व शिखरे झाल्या. त्यावरून गौदीने मंदिराचे चित्र रेखाटले. दुर्दैवाने १९१४ साली हे काम थांबले आणि मंदिराचा केवळ खालचा भाग पुरा झाला. आजही तेथे गेल्यास तिरके, कललेले खांब दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, की हे आता पडणार. ते मात्र शंभरांहून अधिक वर्षे स्वस्थ उभे आहेत; कारण दोरी जेथे तिरकी लोंबली, तेथेच गौदीने खांब तिरका केला.

हाच अनुभव त्याने ‘साग्रादा फामिलिया’ या बार्सिलोनातील महामंदिराच्या कामी लावला. १८८२ साली आरंभ झालेल्या या मंदिराचे काम दुसऱ्याच वर्षी गौदीने हाती घेतले आणि १९२६ साली ट्रामगाडीच्या धक्क्याने त्याला मृत्यू येईपर्यंत त्याने ते सोडले नाही. तेथील मुख्य दालनाचे खांब वर जाऊन झाडाप्रमाणे फांद्यांत विभागतात आणि छताचा भार निरनिराळ्या ठिकाणी पेलतात. झाडाला पाने लावून शोभा आणावी, हा त्यात हेतू नाही. एकाच जाड खांबावर सगळे ओझे न लादता ते फांद्यांनी वाटून घ्यावे, ही वृक्षाची रीत आहे. १९३६ साली स्पेनमधील यादवी युद्धात गौदीचे नमुने फोडण्यात आले. तुकडे जुळवून काम पुढे नेणाऱ्यांना त्याचे भूमितीचे नियम नव्याने शोधून काढावे लागले, आणि त्या कामी पुढे संगणक उपयोगी पडला. २०१० साली मुख्य दालन उपासनेसाठी खुले झाले.

संगणकाचा उल्लेख आलाच आहे, तर आजकालच्या एका नव्या पद्धतीची ओळख करून घेऊ. गौदीच्या जाळ्यातील एका पिशवीत थोडे छरे अधिक घातले, तर काय होई? ती एकच दोरी खाली ओढली जाई असे नाही. तिला बांधलेल्या सगळ्या दोऱ्या थोड्याथोड्या हलत, आणि साऱ्या मंदिराचा आकार आपोआप नव्याने जुळून येई. आईच्या स्वयंपाकातही हेच घडते. एका वाटीस दोन वाट्या पाणी, हे प्रमाण तिच्या मनात पक्के असते. पाहुणे चार आले, तर एकच आकडा बदलतो आणि तांदूळ, पाणी, मीठ, पातेले, सारे त्याच्या मागोमाग बदलते. अशा रीतीने जो आकडा बदलला असता बाकीचे सर्व बदलते, त्याला गणितात ‘प्राचल’ म्हणतात. खांबाची उंची इतकी, खिडकीची रुंदी तितकी, अशी मापे एकदाच ठरवून टाकण्याऐवजी मापांमधील नाते ठरवायचे आणि प्राचल बदलून अनेक आराखडे काढून पाहायचे, ही प्राचलांवर आधारलेली रचना होय. इटलीचा स्थपती लुइजी मोरेत्ती याने या कल्पनेस नाव दिले आणि या पद्धतीने आखलेल्या क्रीडागारांचे नमुने १९६० साली मिलान शहरात मांडले. गौदीला ज्या बदलासाठी दिवसच्या दिवस गाठी सोडाव्या व बांधाव्या लागत, तो बदल आज संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दाखवतो.

सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण दोरीत एक गुण होता तो संगणकात नाही, असे मला वाटते. संगणकाला लाटांसारखे छत काढावयास सांगा, तो निमूटपणे काढून देईल. ते छत स्वतःच्या वजनाने उभे राहील की नाही, हे तुम्ही विचारले तर सांगेल. न विचारल्यास गप्प बसेल. दोरी न विचारता सांगत असे. हल्ली मोठमोठ्या शहरांत शंखासारख्या, शिंपल्यासारख्या, वाळूच्या टेकड्यांसारख्या इमारतींची चित्रे पाहावयास मिळतात. त्यांतील काही खरोखर शहाणपणाच्या आहेत आणि काहींनी केवळ शंखाचे उत्तर उतरवून घेतले आहे. कोणती कोणत्या वर्गातली, हे ओळखण्यासाठी इमारतीच्या रूपावर भुलून न जाता ती आपला भार, ऊन आणि वारा कसा हाताळते, ते पाहावे लागते.

ऊन आणि वारा यांवरून आठवले. मी एका शाळेत असताना तेथील दोन वर्गांवर पत्र्याचे छप्पर होते. चैत्र लागला, की दुपारी ते असे तापे की मुलांच्या पाट्यांवर घामाचे थेंब पडत. मग आम्ही वर्ग उचलून चिंचेखाली नेत असू. त्याच गावातील धाब्याच्या जुन्या घरांत मात्र दुपारीही गारवा असे. मातीच्या जाड भिंती आणि मातीचेच जाड छत दिवसाचे ऊन सावकाश पीत आणि रात्री सावकाश सोडीत. गावातील कोणत्याही म्हातारीला हे ठाऊक होते. शहरातल्या उंच काचेच्या इमारतींना ते ठाऊक नसते, म्हणून त्यांना थंड हवेची यंत्रे दिवसभर चालवावी लागतात. त्यांना वीज फार लागते, आणि आतली उष्णता ती बाहेरच्या रस्त्यावर फेकतात. आतल्या माणसाला सुख आणि बाहेरच्या पादचाऱ्याला ताप, असा तो व्यवहार आहे.

आफ्रिका खंडातील झिम्बाब्वे या देशाच्या राजधानीत, हरारे येथे, ‘ईस्टगेट’ नावाची मोठी इमारत बांधायची ठरली, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला. थंड हवेची यंत्रे परदेशातून आणायची, तर खर्च फार. मिक पीअर्स या स्थपतीने त्या यंत्रांवाचून भागवायचे ठरवले, आणि त्याच्या डोळ्यांपुढे आले ते त्या देशाच्या माळरानावरील वारूळ! वारुळातील वाळवी पोटाशी बुरशीची शेती करते. ती बुरशी फार नाजूक. तिला ठरावीक ऊब व ओल लागते. वारुळाविषयी त्या काळी असे मानले जाई, की आतील किडे आणि बुरशी यांच्या उष्णतेने हवा हलकी होऊन वर चढते, कडेच्या बारीक नळ्यांतून फिरते, निवते आणि पुन्हा तळाशी येते. अशा रीतीने वारुळाच्या पोटातील उष्णमान बारा महिने कायम राहते. मार्टिन ल्यूशर या स्विस कीटकशास्त्रज्ञाने १९६१ साली हे मत मांडले होते.

पीअर्सने अभियंत्यांच्या साहाय्याने आपली इमारत अशी आखली : समोरासमोर दोन लांब इमारती आणि मध्ये काचेच्या छपराखालचा चौक. भिंती व जमिनी जड विटांच्या आणि काँक्रीटच्या. खिडक्या बेताच्या आणि त्यांवर उन्हाला अडवणारे पुढे आलेले सज्जे. जमिनींच्या पोटात पोकळ्या आणि शेवटी छपरावर ओळीने उभी असलेली विटांची धुराडी. हरारे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या पठारावर वसलेले आहे. तेथे दिवस तापला, तरी रात्र गार होते. रात्री पंखे ही गार हवा जमिनींच्या पोकळ्यांतून खेळवतात आणि काँक्रीट थंड होऊन बसते. दिवसा तीच पोकळी खोल्यांना गारवा पुरवते. माणसांनी आणि दिव्यांनी तापलेली हवा वर चढून धुराड्यांतून निघून जाते. १९९६ साली इमारत पुरी झाली. हरारेतील थंड हवेच्या यंत्रांवर चालणाऱ्या ६ इमारतींशी तुलना केली असता, ईस्टगेटला त्यांच्या सरासरीपेक्षा ३५ टक्के ऊर्जा कमी लागते, असे पीअर्सने नमूद केले आहे. वारुळासारखी इमारत म्हणून तिची कीर्ती सर्वत्र झाली.

येथवर गोष्ट सरळ आली. पण पुढे तिला एक वळण लागले आणि मला तर ते सर्वांत मनोरंजक वाटते. स्कॉट टर्नर हा जीवशास्त्रज्ञ आणि रूपर्ट सोअर हा अभियंता यांनी आफ्रिकेतीलच नामिबिया देशात वारुळांची कसून पाहणी केली. त्यांनी काही वारुळांत पातळ प्लॅस्टर ओतले, ते घट्ट झाल्यावर वरची माती धुऊन काढली, आणि आतल्या वाटांचे जाळे एखाद्या पांढऱ्या झुडपासारखे उघडे केले. काही वारुळांत त्यांनी सहज ओळखू येणारा वायू सोडून तो कोठून कसा फिरतो, ते मोजले. २००८ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले, ते असे, की वारूळ हे थंड हवेचे यंत्र नव्हेच! पोटातील उष्णमान बारा महिने एकसारखे राहत नाही. भोवतालची जमीन जशी तापते व निवते, तसे तेही ऋतूप्रमाणे चढते-उतरते. वरचे मातीचे शिखर हे वारुळाचे फुप्फुस आहे. बाहेरचा वारा कधी जोराने, कधी मंद वाहतो. त्या हेलकाव्यांनी आतली हवा मागेपुढे होते आणि वारूळ श्वास घेते.

म्हणजे ज्या रीतीचे अनुकरण करून ईस्टगेट बांधली, ती रीत वारुळाची नव्हतीच! आणि तरी इमारत उत्तम चालते. रीत चुकीची ऐकली, पण उत्तर बरोबर आले, अशा विद्यार्थ्याला गुण किती द्यावेत? पेपर तपासताना असा पेच मला अनेकदा पडला आहे. पण ईस्टगेटचे उत्तर नशिबाने बरोबर आलेले नाही. अभियंत्यांनी वाळवीवर भिस्त न ठेवता उष्णतेचे आणि वाऱ्याचे गणित स्वतः सोडवले होते; आणि रात्रीचा गारवा जड भिंतींत साठवून दिवसा वापरायचा, ही युक्ती तर आपल्या धाब्याच्या घरांनाही साधलेली आहे. वारुळाने पीअर्सला प्रश्न विचारायला लावला, एवढे श्रेय त्याचे निश्चित. टर्नर आणि सोअर यांचे म्हणणे तर असे, की वारुळाची खरी रीत चुकीच्या समजुतीपेक्षा अधिक उपयोगाची ठरेल. फुप्फुसाप्रमाणे श्वास घेणाऱ्या भिंती पुढे बांधता येतील.

ही चौकशी येथेच थांबली नाही. हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन या शास्त्रज्ञांनी आपल्या भारतातील वारुळे निवडली आणि बंगळूरू येथे त्यांत बारीक उपकरणे बसवून हवेचा प्रवाह मोजला. २०१५ साली त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या या वारुळांना बाहेरून उभे कंगोरे असतात आणि प्रत्येक कंगोरा आतून पोकळ असतो. दिवसा ऊन लागले, की हे पातळ कंगोरे मधल्या भागाच्या आधी तापतात. त्यांतील हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात. मग प्रवाह उलटतो, हवा मध्ये वर चढते आणि कंगोऱ्यांतून खाली येते. किड्यांच्या उच्छ्वासाने पोटात साठलेली दूषित हवा त्या वेळी सच्छिद्र मातीतून बाहेर पडते. येथे वाऱ्याचे फारसे काम नाही. दिवस आणि रात्र यांतील अंतरावर सारे चालते. नामिबियातील वाळवीची रीत एक आणि आपल्या वाळवीची दुसरी. ईस्टगेटशी नाते सांगायचे झाले, तर ते या दूरच्या भारतीय वारुळाचेच अधिक जवळचे म्हणावे लागेल. मात्र इमारत बांधली, त्या वेळी ते कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या शास्त्रज्ञांचा वृत्तान्त वाचला, तेव्हा मला आमच्या माळावरचे बाभळीजवळचे वारूळ आठवले. पावसाने पाडले असे आम्ही समजत होतो, ते त्याचे कंगोरे पोकळ होते. माझ्या काठीने जो कोपरा फुटला, तो त्यांतलाच एक असावा. एका रात्रीत तो बुजवण्याची त्या किड्यांना एवढी घाई का झाली होती, ते मला साठी उलटल्यावर कळले.